यथाशक्ति म्हणजे किती?

जून महिना आला की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर 2014 मध्ये 21 जून हा योगदिन ठरवला आणि 2015 पासून तो साजरा होऊ लागला. तेव्हापासून आमच्या वर्गातही त्या आठवड्यात सतरंजी टाकायला जागा उरत नाही. मला ही गर्दी आवडते. त्यातली दोन-चार माणसं मागे राहतात आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहतात.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याविषयी. मी नागपूरची. बँकेत कॅशिअर होते, 2021 मध्ये निवृत्त झाले. कंबरदुखीसाठी 1996 साली योगाकडे वळले, ते जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाच्या वर्गात. तिथे फी नसते. आपली सतरंजी न्यायची, रिकाम्या पोटी जायचं, बस्. स्वामींना मी पाहिलेलं नाही, पण वर्गात म्हणतात तो श्लोक पहिल्याच आठवड्यात पाठ झाला. ‘समाधानाय सौख्याय नीरोगत्वाय जीवने। योगमेवाभ्यसेत् प्राज्ञः यथाशक्ति निरंतरम्॥’ यातले शेवटचे दोन शब्द समजायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. या वेळची बरीचशी पत्रं त्या दोन शब्दांपाशीच येऊन थांबतात.

प्रश्न : ताई, मी 26 वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. आठ महिने योगवर्गाला जातेय. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकताना, माझे हात अजून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत. माझ्या मागून आलेल्या मुलींचं कपाळ गुडघ्यांना टेकतं. सर पाठीवर दाब देतात तेव्हा मांडीच्या मागे, अगदी बसतो तिथे, चमक येते. सहन करत राहू का? (पुणे)

उत्तर : नाही, बाळा. उद्याच सरांना सांग, ‘पाठीवर दाब देऊ नका.’ सांगायला संकोच वाटत असेल तर वर्ग सुरू व्हायच्या आधी, एकटे असताना सांग. पण सांग.

ताण दोन प्रकारचा असतो. एक मांडीच्या मध्यावर, पसरलेला. श्वास सोडला की तो थोडा सैलावतो. तो चालतो. दुसरा बसायच्या हाडापाशी, एका बोटाने दाखवता येईल असा, टोचणारा. मांडीमागचे स्नायू त्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला तो कंडरा असतो. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून दुखावला तर भरून यायला महिनोन्‌महिने लागतात. तुझी चमक या दुसऱ्या जातीची वाटते. पंधरा दिवस हे आसन पूर्ण बंद ठेव. तरीही बसताना दुखत राहिलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1999 साल होतं. मला शिकायला लागून तीन वर्षं झाली होती आणि माझं पश्चिमोत्तानासन चांगलं होतं, असं सगळे म्हणायचे. एका रविवारी बाहेरगावचे पाहुणे वर्ग पाहायला आले. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी मला पुढे बसवलं. त्या दिवशी अंग जरा आखडलेलं होतं, तरी मी तळवे पकडले, श्वास रोखला आणि ओढलं. आत कुठेतरी ‘टक्’ झालं. आवाज ऐकू आला असं नाही, जाणवला. मी हसतमुखाने आसन सोडलं, कोणाला काही बोलले नाही, चालत घरी आले. सोमवारी कॅशच्या खुर्चीत बसता येईना. पुढचे आठ महिने मी एका बाजूला कलून, उशी घेऊन नोटा मोजल्या.

बाई चौथ्या दिवशी घरी आल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ओढलंस तेव्हा श्वास कुठे होता?’

मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न माझ्यामागे लागला. बघायला लागले तेव्हा दिसलं, की मी सगळीकडे हेच करत होते. मार्चअखेरीला दुसऱ्याचं काउंटर सांभाळायला ‘हो’ म्हणायचं आणि श्वास रोखायचा. घरी आधीच चार माणसं मुक्कामाला असताना पाचव्याला ‘या ना’ म्हणायचं आणि श्वास रोखायचा. ‘यथाशक्ति’चा अर्थ मी ‘आहे नाही ती सगळी शक्ती लावून’ असा धरला होता. शक्ती किती आहे हे आधी पाहायचं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

तर तुझ्यासाठी. चमक पूर्ण थांबल्यावर पुन्हा सुरुवात कर. चादरीची घडी बैठकीखाली घे, चार बोटं उंच. गुडघे थोडे वाकव, लाज वाटू देऊ नकोस. तळव्यांना ओढणी अडकवून दोन्ही टोकं हातात धर. वाकायचं ते खुब्यातून, पाठीची कमान करून नाही. पोट मांडीकडे आधी जाऊ दे, कपाळाचं नंतर पाहू. श्वास सोडत पुढे जा. श्वास अडखळला, की एक बोटभर मागे ये आणि तिथे थांब. आजच्या दिवसाचं तुझं आसन ते. आणि कोणाचे हात लांब असतात, कोणाचे पाय. शेजारणीचं कपाळ टेकतं यावरून तिचं आसन चांगलं आहे असं ठरत नाही.

प्रश्न : योगाने पोट किती दिवसांत कमी होईल? (जळगाव)

उत्तर : दिवस मी सांगू शकत नाही. वजन मुख्यतः ताटातल्या जेवणावर आणि चालण्यावर ठरतं, त्यामुळे रोज पाऊण तास चाला आणि रात्रीचं जेवण लवकर उरका. आसनं त्याच्या जोडीला करा, झोप आणि कंबर सुधारेल. व्हिडिओ पाहून भराभरा कपालभाती मात्र करू नका. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असेल किंवा दिवस गेले असतील तर मुळीच नाही.

प्रश्न : माझं वय 41, शिक्षक आहे. दरवर्षी संकल्प करतो आणि मोडतो. यंदा जानेवारीत 11 दिवस, मार्चमध्ये 6, मे महिन्याच्या सुट्टीत 14. पहाटे साडेचारला उठून दीड तास करतो. एक दिवस चुकला की सगळंच सुटतं. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? (अमरावती)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दिवस इतके नेमके मोजणाऱ्या माणसाला तळमळ नाही असं मी म्हणणार नाही. तुमची अडचण ‘साडेचार’ आणि ‘दीड तास’ यांत आहे.

योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी अभ्यास पक्का कशाने होतो हे एका सूत्रात सांगितलं आहे : ‘स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः।’ दीर्घकाळ, खंड न पडता आणि सत्काराने, म्हणजे आदराने. पहिल्या दोन गोष्टींवर सगळे बोलतात, तिसरी विसरतात. स्वतःला दमदाटी करून पहाटे उठवणं यात आदर नाही. तुम्ही वर्गातल्या मुलाला एक दिवस गैरहजर राहिला म्हणून शाळेतून काढून टाकता का? याच पादात, म्हणजे प्रकरणात, पुढे त्यांनी नऊ विघ्नं मोजली आहेत. आजारपण, संशय, आळस वगैरे. त्यातलं शेवटचं आहे ‘अनवस्थितत्व’. म्हणजे जिथे पोचलो तिथे टिकता न येणं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला हे माहीत होतं आणि त्याने ते रीतसर यादीत घातलं. तेव्हा हा दोष तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही.

‘निरंतर’ हा शब्द मला 2011 साली कळला. त्या वर्षी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तोवर माझा रोज सव्वा तासाचा अभ्यास होता, पंधरा वर्षांत क्वचितच चुकलेला, आणि त्याचा मला अभिमान होता. दवाखान्यातल्या तीन आठवड्यांत काहीच झालं नाही. घरी आणल्यावर दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री दोनला उठायचं, चारला उठायचं. सतरंजी गुंडाळून कपाटावर गेली. माझं सगळं संपलं असं मला वाटलं.

एका रात्री दोनची कूस बदलून झाली आणि मी तशीच पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. पाठ आपोआप ताठ झाली. डोळे मिटले. दहा श्वास घेऊ, मग पडू, असं मनात म्हटलं. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ‘टिक्’ असा आवाज आला. पुढच्या श्वासाला पुन्हा. डोळे उघडून पाहिलं, तर हे डाव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या लोखंडी दांडीवर माझे श्वास मोजत होते. माझी सवय त्यांना ठाऊक होती. दहा झाले की बोट थांबलं.

तिथून अकरा महिने, ते गेले त्या दिवसापर्यंत, माझा अभ्यास तेवढाच होता. रात्री दोनला दहा आणि चारला दहा. मी ते वहीत रोज लिहून ठेवलं आहे. ‘10 + 10’. आधीच्या पानांवर आसनांच्या लांबलचक नोंदी आहेत, पण अभ्यास म्हणून मला ही पानं जास्त मोलाची वाटतात.

तुम्ही असं करा. साडेचारचा गजर बंद करा. रोज उठता तेव्हाच उठा, आणि चहाच्या आधी फक्त बारा मिनिटं द्या. सतरंजी रात्रीच पसरून ठेवा. ताडासन, कटिचक्रासन, पवनमुक्तासन, भुजंगासन, सगळं सावकाश. शेवटची तीन मिनिटं शवासन. उत्साह आला तरी पहिले तीन महिने तेरावं मिनिट करू नका. हे पाळणं तुम्हाला जास्त अवघड जाईल, पाहा. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बाराच मिनिटं, भरपाई करायची नाही. दिवाळीला मला पत्र पाठवा. चुकलेले दिवस किती, आणि चुकल्यानंतर दुसऱ्या दिवशी परत आलात असं किती वेळा झालं, दोन्ही आकडे लिहा. मी दुसरा आकडा आधी वाचेन.

प्रश्न : मी 71 वर्षांचा निवृत्त गृहस्थ. दोन्ही गुडघे झिजले आहेत, जमिनीवर बसता येत नाही. खुर्चीवर बसून केलेला योग खरा का? आमचे मित्र हसतात. (सातारा)

उत्तर : काका, नमस्कार. मित्रांना हे सांगा. योगसूत्रांत आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. ‘स्थिरसुखमासनम्’ इतकंच आहे. स्थिर आणि सुखाचं. त्यावरच्या व्यासभाष्यात काही आसनांची नावं येतात, पद्मासन, वीरासन वगैरे, आणि त्याच यादीत ‘सोपाश्रय’ आहे, म्हणजे आधार घेऊन बसायचं आसन. म्हणजे आधार घेणं हे फार जुनं आहे. आपल्याकडे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी तर खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड यांचं पूर्ण शास्त्रच उभं केलं आणि ते जगभर गेलं.

खुर्ची चार पायांची, हात नसलेली घ्या. चाकांची नको, प्लास्टिकची हलकी नको. तिची पाठ भिंतीला टेकवा. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळवे पूर्ण जमिनीवर. पोचत नसतील तर खाली पाट घ्या. आधी नुसतं पाच मिनिटं ताठ बसता येतं का पाहा. मग खांदे, मनगटं, घोटे सावकाश फिरवा आणि एकेक गुडघा सरळ करून पाच श्वास धरा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही करू नका, हाडं ठिसूळ असतील तर खोल पुढे वाकू नका. ही दोन्ही तपासून घेतली आहेत ना?

प्रश्न : दहा वर्षं नियमित योग करते, वय 52. तरी राग येतो. मुलावर ओरडते, सुनेला टाकून बोलते. नवरा म्हणतो, ‘एवढा योग करतेस, काय उपयोग?’ मलाही तसंच वाटायला लागलं आहे. (नाशिक)

उत्तर : ताई, राग येणारच नाही अशी खात्री तुम्हाला कोणी दिली असेल तर ते चुकीचं होतं. मला अजून येतो. फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

शवासनात बाई आम्हाला रोज म्हणायच्या, ‘दात सोडा.’ मी म्हणायचे, सोडलेत की. बऱ्याच वर्षांनी एकदा त्यांनी माझ्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली, तेव्हा कळलं, दातावर दात घट्ट होते. मला ते जाणवतच नव्हतं, इतकी सवय झालेली.

आता नोव्हेंबर 2016 आठवा. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, बँकेसमोर रांगा रस्त्यापर्यंत. सुरुवातीला एका माणसाला चार हजारच बदलून मिळत. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडच्या नोटा संपत आल्या होत्या आणि मागून रोकड आली नव्हती. एक गृहस्थ काचेवर हात आपटून ओरडायला लागले, बँकवाल्यांनी आपल्या माणसांना मागच्या दाराने नोटा दिल्या म्हणून. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते फार वाईट होतं. त्या क्षणी मला जबडा जाणवला. दात घट्ट. मी ते सोडले. एवढंच केलं. दात सुटल्यावर ते तयार उत्तर बाहेर पडलं नाही. मी म्हटलं, ‘काका, माझ्याकडे सतरा हजार उरलेत, तुमच्यापुढे तीन माणसं आहेत, तुमचा नंबर लागेल.’ ते गप्प झाले. लागलाही.

त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मोजणीत दोन हजार कमी आले आणि ते मी खिशातून भरले. घरी येऊन मुलीवर विनाकारण ओरडले. म्हणजे दुपारी जमलं ते संध्याकाळी जमलं नाही. पण ओरडल्यावर पाच मिनिटांत तिच्या खोलीत जाऊन मी सांगितलं, ‘तुझं काही चुकलं नव्हतं.’ पूर्वी हे सांगायला मला दोन दिवस लागत. कधी कधी सांगायचं राहूनच जाई.

तेव्हा राग येतो का हे मोजू नका. तो शरीरात आधी कुठे कळतो ते शोधा. कोणाचे दात, कोणाच्या मुठी, कोणाचा पोटात गोळा. आणि ओरडून झाल्यावर परत यायला किती वेळ लागला ते पाहा. सुनेला टाकून बोललात ना, तर आजच तिच्यापाशी जा. योगाचा विषयही काढू नका. जे बोललात ते शब्द चुकले, एवढंच तिला सांगा.

प्रश्न : पती जाऊन सात महिने झाले. मैत्रिणीने योगवर्गाला आणलं. बाकी सगळं करते, पण शवासनात पडलं की रडू येतं. आवरत नाही. सगळ्यांसमोर लाज वाटते. शवासन सोडून निघून गेलं तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : चालेल. पण त्याआधी थोडं ऐका. दिवसभर तुम्ही घर सांभाळता, आल्यागेल्याशी बोलता, अंग कुठेतरी आवळून धरलेलं असतं. शवासनात ते सोडा म्हणतात, मग जे धरून ठेवलेलं असतं तेही सुटतं. यात तुमचं काही बिघडलेलं नाही.

पाठीवर उताणं पडणं फार उघडं वाटत असेल तर डाव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, डोक्याखाली उशी, अंगावर ओढणी. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. भिंतीकडे तोंड करून सतरंजी टाका. शिक्षिकेला एकदा सांगून ठेवा, म्हणजे त्या हाक मारणार नाहीत. आणि एक गोष्ट काळजीपूर्वक पाहा. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ते वर्गात सुटणारं नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो कोणत्याही वेळी उचलतात, मराठीतही बोलता येतं.

यजमान गेल्यावर मी दीड महिन्याने वर्गात परत गेले. पहिल्याच शवासनात माझंही तसंच झालं. उठले तेव्हा सतरंजीच्या कडेला, माझ्या हाताजवळ, घडी केलेला एक पांढरा सुती रुमाल होता. कोणी ठेवला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही होता, धुतलेला. असा तो पावसाळाभर रोज असायचा. मग दसऱ्याच्या सुमारास एकदा मी उठले तेव्हा तो तसाच कोरडा होता, आणि शेजारच्या सतरंजीवरच्या काकू माझ्याकडे न बघता तो उचलून आपल्या पिशवीत ठेवत होत्या.